शोग्रेन म्हणजे नुसता कोरडेपणा नव्हे

‘शोग्रेन सिंड्रोम? डोळ्यांत ड्रॉप्स घाला, पाणी पीत राहा, बाकी काळजी नको.’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात हा आजार मांडला, त्यामुळे कोरड्या डोळ्यांची ओळख त्याला कायमची चिकटली. पण या आजारात स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींपाशी थांबेलच असे नाही. ती मज्जातंतूंनाही इजा करते. काहींना तर हा त्रास आधी होतो, कोरडेपणा मागाहून.

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. नसांची नेहमीची तपासणी जाड तंतूंची असते. बारीक तंतू बिघडले तर रिपोर्ट नॉर्मल येतो. मग ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले जाते, याची मला फार चीड येते. त्वचेचा लहानसा तुकडा तपासला तर हे नुकसान दिसू शकते.

कधी कण्यालगतच्या संवेदनापेशी मरतात: ताकद शाबूत, पण अंधारात तोल जातो. क्वचित मज्जारज्जूलाच सूज येते. पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

अर्थात मुंग्यांमागे मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता असण्याची शक्यता जास्त; त्या तपासण्या आधी कराव्यात. कारण सापडले नाही तर शोग्रेनचा विचार व्हावा. या आजारात रक्तात अनेकदा सापडणारी एसएसए अँटीबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धचे प्रतिपिंड) निगेटिव्ह असली तरी आजार असू शकतो. तेव्हा ओठाच्या आतल्या ग्रंथींची बायोप्सी करतात.