हृदयाच्या भिंतीतला बिंदू कुठे सरकला?

टू-डी इकोच्या अहवालात बहुतेकांची नजर एका आकड्यावर जाते: ईएफ, म्हणजे डाव्या निलयात (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात) साठलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर फेकले गेले. हा आकडा उपयोगाचा आहे, पण तो पोकळीच्या आकारमानावरून काढलेला असतो. भिंतीचा एक भाग मंदावला असेल आणि शेजारचे भाग जास्त जोर लावून त्याची भरपाई करत असतील, तरी ईएफ ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निरोगी माणसाइतकीच, राहू शकते.

खुद्द स्नायूची हालचाल मोजायची, तर भिंतीतला एखादा बिंदू आकुंचनाआधी कुठे होता आणि आकुंचनाच्या शेवटी कुठे पोहोचला, हे शोधावे लागते. साध्या एमआरआयमध्ये निरोगी स्नायू सगळीकडे सारखाच करडा दिसतो, हीच इथली खरी अडचण आहे. भिंतीची कड आत सरकताना दिसते. मात्र एखादा बिंदू कडेच्याच दिशेने घसरला, तर चित्रात काहीच बदलत नाही. हृदय तर अशा प्रकारेही हलते. डाव्या निलयाच्या आतल्या थरातील तंतू एका दिशेने तिरके वळलेले असतात आणि बाहेरच्या थरातील तंतू विरुद्ध दिशेने. त्यामुळे आकुंचनाच्या वेळी, हृदयाच्या खालच्या निमुळत्या टोकाकडून पाहिल्यास, टोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि झडपांकडचा भाग काट्यांच्या दिशेने फिरतो, ओले कापड पिळावे तसा. शिवाय झडपांकडचा भाग सेंटीमीटरभर टोकाकडे उतरतो, म्हणून एका जागी घेतलेल्या आडव्या छेदात दर क्षणी निराळाच स्नायू येतो.

खुणा दिसत नाहीत, तर त्या स्नायूवर उमटवाव्यात, हा मार्ग १९८८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील इलायस झेरहूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला; पुढच्याच वर्षी लिऑन ॲक्सेल आणि लॉरेन्स डोहर्टी यांनी समांतर पट्ट्या उमटवण्याची सुटसुटीत पद्धत मांडली. आकुंचन सुरू होण्याच्या क्षणी रेडिओलहरींचे स्पंद देऊन ठरावीक पट्ट्यांमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे चुंबकन, म्हणजे एमआरआय ज्यावरून चित्र बनवतो ती चुंबकीय स्थिती, बदलले जाते. त्या पट्ट्या चित्रात काळ्या दिसतात आणि चुंबकन ऊतीतच असल्यामुळे ऊतीबरोबर वाकतात. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. मला ही कल्पना या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. मात्र चुंबकन साधारण सेकंदाभरात पूर्ववत होऊ लागते, त्यामुळे हृदय सैलावण्याच्या टप्प्यात रेषा पुसट होतात. पूर्वी या रेषा हाताने गिरवणे हे वेळखाऊ काम होते. १९९९ साली नाएल उस्मान, जेरी प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी फूरिए रूपांतराच्या (चित्राची लहरींमध्ये फोड करणाऱ्या गणिताच्या) आधारे पट्ट्यांची कला, म्हणजे फेज (पट्ट्यांच्या आवर्तनात बिंदू कुठे आहे ते), मोजून ते काम संगणकाकडे सोपवले.

इकोमध्ये खुणा आयत्याच मिळतात. स्नायूतील सूक्ष्म रचनांवरून विखुरलेले ध्वनितरंग एकमेकांत मिसळून चित्रात ठिपक्यांची नक्षी उमटते. लागोपाठच्या दोन चित्रांत ती फारशी बदलत नाही, म्हणून संगणक छोट्या चौकोनातली नक्षी पुढच्या चित्रात हुडकून काढतो.

दोन्ही पद्धतींत बरेच बिंदू संदिग्ध राहतात. तिथे गणित गृहीतकांवर चालते: शेजारचे बिंदू साधारण सारखेच हलतात, आणि स्नायूचे आकारमान जवळजवळ कायम राहते. दुसरे गृहीतक बऱ्यापैकी भक्कम आहे. पहिले मात्र जपून वापरावे लागते, कारण हृदयविकाराच्या झटक्याने मृत झालेल्या आणि जिवंत स्नायूच्या सीमेवर हालचाल एकदम बदलते, आणि गुळगुळीतपणाचा आग्रह धरणारे गणित नेमकी तीच सीमा पुसून टाकू शकते.

या सगळ्यातून हाती येणारा आकडा म्हणजे स्ट्रेन, स्नायूच्या लांबीतला टक्केवारीतील बदल. निरोगी डाव्या निलयाचा लांबीच्या दिशेचा सरासरी स्ट्रेन वजा २० टक्क्यांच्या आसपास असतो. वजा चिन्ह आखूड होणे दाखवते. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब यांसारखी कर्करोगावरील औषधे चालू असताना हा आकडा मूळच्या तुलनेत १५ टक्क्यांहून अधिक घटला, म्हणजे उदाहरणार्थ वजा २० चा वजा १६ झाला, तर ईएफ ठीक असूनही डॉक्टर सावध होतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच हृदयासाठी थोडे वेगळे आकडे देतात, त्यामुळे अशा रुग्णाची दर वेळची तपासणी शक्यतो एकाच यंत्रावर आणि त्याच सॉफ्टवेअरने केली जाते.