भाजीपाला पिकांतील मिश्र विषाणू संसर्ग

एकाच झाडात दोन किंवा अधिक विषाणू एकाच वेळी वाढत असतील, तर त्याला मिश्र संसर्ग म्हणतात. मराठवाड्यात सिल्लोड-भोकरदन पट्ट्यातली मिरची बहुधा कपाशीच्या शेजारीच उभी असते, त्यामुळे कपाशीवर पोसलेल्या किडी तिच्यावर येतात. पांढरी माशी चुरडा-मुरड्याचे विषाणू आणते, मावा काकडी मोझॅकचा, तर फुलकिडे शेंडेमरीचा.

दोन विषाणूंचे नुकसान नुसते बेरजेने वाढत नाही. झाड विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, ओळखून त्याचे तुकडे करते. बटाट्याच्या वाय विषाणूच्या कुळातले विषाणू एका प्रथिनाने हे संरक्षणच बंद पाडतात, मग सोबतचा विषाणू मोकाट वाढतो. तंबाखूत बटाट्याचा एक्स विषाणू एकटा असला तर सौम्य असतो. वाय सोबत आला की त्याचे प्रमाण कित्येक पटींनी चढते. टोमॅटोत टोमॅटो मोझॅक आणि एक्स विषाणू एकत्र आले की खोडा-देठांवर करपलेल्या काळपट रेघा उमटतात, फळांवर तपकिरी खोलगट डाग पडतात. क्वचित उलटही घडते. विषाणूच्या सौम्य वाणाने आधी व्यापलेल्या झाडात त्याच विषाणूचा तीव्र वाण शिरू शकत नाही. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ मॅकिनी यांनी १९२९ मध्ये तंबाखूत हे दाखवले.

मिश्र संसर्गात विषाणूंच्या जनुकीय द्रव्याची अदलाबदल होऊन नवे प्रकारही निपजतात. केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणूरोग, त्याला प्रतिकारक म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली भेंडीची ‘परभणी क्रांती’ पुढे अनेक ठिकाणी रोगाला बळी पडू लागली. प्रतिकारक्षमता अशी मोडण्यामागे ही अदलाबदल एक कारण मानली जाते.

नुसत्या लक्षणांवर निदान करू नये. फुलकिड्यांनी मिरचीची पाने वर वळतात, कोळी या सूक्ष्म किडीने खाली, आणि शेजारच्या उसावरच्या टू-फोर-डी तणनाशकाचा झोत लागला तर टोमॅटोची पाने काकडी मोझॅकसारखीच दोरीगत होतात. शेंड्याची कोवळी पाने प्रयोगशाळेत द्यावीत. एका विषाणूची चाचणी होकारार्थी आली तरी दुसऱ्याची टाळू नये.

विषाणूवर औषध नाही. सगळी भिस्त रोपांवर आणि किडींवर. मावा काही सेकंदांत विषाणू सोडतो, कीटकनाशकाने मरण्याआधीच, म्हणून त्याच्यापुढे फवारणी थिटी पडते. तिथे चंदेरी मल्चिंग (वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिक कागद) आणि लागवडीच्या पंधरा-वीस दिवस आधी पेरलेल्या मक्याच्या दोन-तीन ओळी जास्त उपयोगी. फुलकिडा पिल्लू असतानाच विषाणू घेतो आणि प्रौढ झाल्यावर पसरवतो, तेव्हा त्याची पैदास पिकातच रोखावी लागते. टोमॅटोचे बी १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात २० मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन सावलीत सुकवावे. रोपे ५० मेशच्या (इंचाला ५० छिद्रांच्या) जाळीत वाढवावीत. बांधावरचे गाजरगवत फुलायच्या आत काढावे, कारण तंबाखू स्ट्रीक विषाणू त्याच्या परागातून फुलकिड्यांमार्फत पसरतो.

रोगट झाड दिसताच काढावे, पण आधी त्यावर फवारणी करावी. न फवारताच उपटले तर हलताच पांढरी माशी उडून शेजारच्या झाडावर बसते.