काचेच्या अंगातलं पाणी

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटलच्या दक्षिणेला टॅकोमा नावाचं बंदराचं शहर आहे. तिथं महामार्ग आणि रेल्वेरुळांवरून जाणारा सुमारे ५०० फूट लांबीचा एक पादचारी पूल आहे, 'ब्रिज ऑफ ग्लास'. २००२ साली तो खुला झाला. पुलाच्या एका टप्प्यात डोक्यावर काचेचं छत येतं आणि त्यावर शंख, शिंपले, जेलीफिश यांची आठवण करून देणाऱ्या २,३६४ रंगीत काचाकृती पसरलेल्या दिसतात. आपण समुद्राच्या तळाशी उभं राहून वर बघतोय, असा भास होतो.

हे काम काचशिल्पकार डेल चिहुली यांचं. १९४१ साली ते याच गावात जन्मले, आणि काच फुंकण्याची सांघिक पद्धत त्यांनी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर पाहिली. १९७६च्या मोटार अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. १९७९ साली लाटांवर खेळताना खांदा निखळला, तेव्हापासून फुंकणी त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती आहे. त्यानंतर १९८० साली सुरू झाली ती 'सीफॉर्म्स' ही समुद्री आकारांची मालिका.

हे आकार इतके जिवंत दिसतात याचं कारण मला नुसत्या हुबेहूब नकलेत सापडत नाही. भट्टीत हजार अंशांच्या वर तापलेली काच हा द्रवच असतो. पाण्यापेक्षा लाखो पटींनी घट्ट, पण द्रवच. तिचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून घेणारी ओढ, पाण्याच्या साधारण चौपट. पोकळ नळीच्या टोकावर घेतलेला काचरस म्हणून आपसूक गोल होतो, फुंकर मारली की त्याचा फुगा होतो. चिहुलींची मंडळी हत्यारं शक्य तितकी कमी वापरतात. उष्णता, गुरुत्वाकर्षण आणि नळी फिरवल्यावर बाहेर फेकणारी गती यांनाच ती काम करू देतात. कडा पुन्हा तापवून नळी गरागरा फिरवली की ती कडा पसरते, स्वतःच्या वजनानं लवते आणि तिला लाटा पडतात.

मला सगळ्यात आवडते ती साच्याची युक्ती. छोटा गरम फुगा आतून खाचा असलेल्या साच्यात फुंकला की त्याच्या अंगावर उभ्या कण्या, म्हणजे उंचवट्याच्या रेघा, उठतात. मग साच्याबाहेर काढून तो आणखी फुगवतात. कण्यांमधली काच पातळ होत जाते, कण्या मात्र जाड राहतात. पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, तसंच इथं घडतं: काच कमी, बळ जास्त. शिंपल्याच्या रेघाळ पाठीला मजबुती मिळते तीही याच भूमितीतून. म्हणूनच हे साम्य वरवरचं नाही.

तयार वस्तू लगेच थंड करता येत नाही. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागं राहतो, आणि त्या ताणानं काच तडकते. म्हणून ती सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. या सगळ्यात काचेचे अणू स्फटिकासारख्या शिस्तीत बसतच नाहीत. द्रवातली त्यांची विस्कळीत मांडणी तशीच गोठते. (जुन्या चर्चच्या खिडक्यांची काच शतकानुशतकं खाली ओघळते, ही समजूत मात्र खोटी आहे. ते तावच मुळात कमीजास्त जाडीचे बनत.)

राहिला प्रकाश. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५. जेलीफिशचं शरीर बहुतांशी पाणीच असल्यामुळं समुद्रात ती जवळजवळ दिसत नाही. हवेतली काच प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळं तिची प्रत्येक कणी आणि घडी उठून दिसते, आणि उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाचं जाळं हलतं तशा उजळ रेषा तिच्या सावलीत उमटतात.

याच पुलावर ४० फुटी निळे मनोरेही आहेत. बर्फाच्या खड्यांसारखे दिसणारे त्यांचे तुकडे काचेचे नाहीत, उघड्यावर टिकावं म्हणून वापरलेल्या खास प्लास्टिकचे आहेत. व्यवहार म्हणून ते योग्यच, आणि लांबून देखणेही. पण ज्या ओघळण्याबद्दल मी लिहिलं, ते छतावरच्या काचेतच बघावं.