हेरिटेज वॉक की गमतीची फेरी? बऱ्हाणपूरला निघण्याआधी

आमच्या भुसावळच्या भिशीत यंदा ठरलं, पोरंबाळं घरी ठेवून एक दिवस बऱ्हाणपूर करायचं. शहर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी तीच, आणि गाडीने तासाभराची वाट. एकीने फोन करून 'हेरिटेज वॉक' ठरवला. आम्हाला खरं तर हवी होती गमतीची फेरी. दोन्हींत गाइड असतो, दोन्हींत जुनं शहर असतं, त्यामुळे घोटाळा लक्षात आला तो थेट जामा मशिदीत, शिलालेखाची माहिती ऐकताना. अर्धा तास झाला तरी पुढे सरकण्याचं नाव नाही, आणि निम्म्या बायका चप्पल सांभाळत जलेबीचा विषय काढायला लागलेल्या.

शिलालेख मात्र बघण्यासारखा, हे कबूल. आदिलशाह फारुकीच्या या मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत लेख आहे, आणि त्यात 1590 ची तारीख पंचांगातल्यासारखी तिथी-नक्षत्रासकट दिलीय. वॉकवाल्याला असल्या एका दगडापाशी रेंगाळायचंच असतं. थोडा भाग, पायी, एक धागा धरून. फेरीवाला ऑटो करतो, चार ठिकाणं उरकतो, मध्ये मावा जलेबी आणि दराबा खाऊ घालतो आणि चावट किस्से सांगतो. 'फक्त मोठ्यांसाठी' म्हणतात ते एवढ्यापुरतंच. आमच्याकडे हे शब्द ऐकून एका काकांच्या भुवया उगाच वर गेल्या होत्या.

पण किस्सा तो खोटा आणि शिलालेख तेवढा खरा, असं समजू नका. खरी गंमत इथेच आहे.

मुमताज महल 1631 च्या जूनमध्ये याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं, त्याच वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. इथपर्यंत पक्कं. पुढे शाही किल्ल्याच्या हमामात छतावरच्या चित्राकडे बोट करून 'ताजमहाल यावरूनच सुचला' असं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात, ती मात्र ऐकीव गोष्ट.

उलट दुसरी ऐका. शहजादा औरंगजेब जैनाबादच्या बागेत गेला असताना हिराबाई नावाच्या गायिकेने उडी मारून आंब्याच्या झाडाचं फळ तोडलं, आणि स्वारी घायाळ! पुढे एकदा तिने दारूचा पेला त्याच्या हातात दिला. बिचाऱ्याने तो ओठांशी नेला, तर हिने हिसकावून घेतला. फक्त प्रेमाची परीक्षा पाहायची होती म्हणे. हे ऐकून आमची भिशी हसून लोळली. सगळ्यांना वाटलं, गाइडने मनचं रचलंय. तर ही हकिकत 'मआसिर-उल-उमरा' या फारसी ग्रंथात आहे. ग्रंथ अठराव्या शतकातला, म्हणजे बराच मागाहून लिहिलेला, हेही खरं.

म्हणून दोघांतला फरक मला असा दिसतो: "कुठे लिहिलंय भो?" असं विचारलं की वॉकवाला खूश होतो, ग्रंथाचं नाव सांगतो, वर त्यातली खोटही दाखवतो. फेरीवाला म्हणतो, "ताई, तुम्ही जलेबी खा." त्याचं चुकत नाही, त्याने पैसे हसवायचे घेतलेत. राग येतो तो एकाच्या नावाखाली दुसरं विकणाऱ्यांचा.

कुंडी भंडाऱ्याला मात्र कुणासोबतही जा. 1615 च्या सुमाराची, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली ही भुयारी पाणीव्यवस्था. सातपुड्यातून झिरपणारं पाणी विहिरीसारख्या कुंडीकुंडीने, नुसत्या उतारावर शहराकडे आणलेलं. लिफ्ट चालू असली तर खाली उतरता येतं. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचलाय, डोक्यावर थेंब पडतात, आणि जलेबी-जलेबी करणारी आमची मंडळी तिथे दहा मिनिटं चकार शब्द बोलली नाही.

फोनवर किंमत नंतर विचारा. आधी विचारा: चालायचं किती, बसायला मिळेल का, आणि जलेबी कितव्या नंबरवर आहे. आमच्या वॉकवाल्याने शेवटचं उत्तर दिलं होतं, "ती तुमची तुम्ही घ्या." तिथेच कळायला हवं होतं.