काळीज बघायच्या आधी

रानातल्या सशाचं कातडं काढायला सुरीचं काम फारसं नसतंच. पाठीवर आडवी चीर द्यायची, दोन्ही हातांची बोटं आत सारायची आणि दोन बाजूंना ओढायचं. कातडं इतकं पातळ की ओलं बनियन अंगातून निघावं तसं ते निघून येतं. अमेरिकेत मिसूरी-आर्कान्सा भागातले शिकारी हे काम दोन-चार मिनिटांत उरकतात. मग पोट उघडतात, आतडी बाजूला करतात आणि काळीज, म्हणजे यकृत, उजेडात धरून बघतात. निरोगी सशाचं काळीज गडद तांबूस, गुळगुळीत, चकचकीत असतं. त्यावर कुणी खसखस भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके दिसले तर अख्खा ससा टाकून द्यायचा. बापाने पोराला शिकवलेला हा नियम आहे आणि त्यामागे पक्कं विज्ञान आहे.

माझी तक्रार एवढीच की हा नियम फार उशिरा लागू होतो. ठिपके दिसेपर्यंत शिकाऱ्याचे हात मनगटापर्यंत रक्ताने माखलेले असतात. आणि ज्या रोगाची ही खूण, तो ससा खाण्यातून कमी आणि सोलण्यातून जास्त होतो.

रोगाचं नाव ट्युलरेमिया, बोलीभाषेत ‘रॅबिट फीव्हर’. त्याचा शोध लागला तो प्लेगच्या मागावर असताना. 1896 साली मुंबईत उतरलेली प्लेगची साथ 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोलाही पोचली होती. आपल्याकडे तेव्हा ‘उंदीर पडायला लागले’ म्हटलं की लोक घरं सोडत. कॅलिफोर्नियात उंदरांबरोबर रानातल्या खारीही पडत होत्या. तिथे जॉर्ज मकॉय हे सरकारी डॉक्टर खारी फाडून प्लेगचा जंतू शोधत असत. 1911 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की काही खारींच्या आतल्या खुणा प्लेगसारख्या आहेत, पण जंतू प्लेगचा नाही. या खारी ट्युलेअरी परगण्यातल्या. तळ्याकाठच्या ‘ट्युली’ नावाच्या लव्हाळ्यावरून त्या परगण्याचं नाव पडलं होतं, त्यावरून जंतूचं पडलं. म्हणजे या भयंकर आजाराच्या नावात मुळात गवत आहे.

माणसातला पहिला सिद्ध झालेला रुग्ण 1914 चा, सिनसिनाटीतला, मांस कापायचं काम करणारा. त्याला डोळ्याचा संसर्ग झाला होता. हात न धुता डोळा चोळायला कितीसा वेळ लागतो? पुढे एडवर्ड फ्रान्सिस यांनी खारीतला, सशातला आणि माशी चावून होणारा ताप हे सगळे एकच असल्याचं दाखवलं. आज या जंतूच्या कुळाला ‘फ्रॅन्सिसेला’ म्हणतात ते त्यांच्यावरूनच. मात्र हे काम करताना फ्रान्सिस स्वतः आजारी पडले आणि प्रयोगशाळेतले सहकारीही. जंतू हाताळायचं शिक्षण घेतलेल्या माणसांची ही गत.

त्याच सुमारास जपानमध्ये फुकुशिमा भागात हाचिरो ओहारा नावाचे डॉक्टर होते. मेलेले रानससे सोललेल्या शेतकऱ्यांना ताप येतो आणि गाठी सुजतात, हे त्यांनी पाहिलं होतं. संसर्ग सशातूनच होतो हे सिद्ध कसं करायचं? 1925 मध्ये त्यांनी मेलेल्या सशाचं हृदय आपल्या बायकोच्या हातावर चोळलं. तिने स्वतःहून तयारी दाखवली होती, असं सांगतात. तिला ताप आला, काखेत गाठ सुजली, सुदैवाने ती बरी झाली. नमुने अमेरिकेला फ्रान्सिस यांच्याकडे गेले आणि तोच जंतू निघाला. या प्रयोगाला आज कुठलीही नीती-समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण एक गोष्ट त्यातून कायमची कळली. त्या बाईने सशाचा एक घासही खाल्ला नव्हता.

या जंतूचे दहा ते पन्नास जीव कातडीत शिरले किंवा श्वासातून गेले तरी पुरतात. नखाच्या कडेला निघालेलं सालपट, कांदा चिरताना कालच लागलेला काप, एवढी वाट त्याला भरपूर होते. त्यात छऱ्यांनी मोडलेली सशाची बारीक हाडं सुईसारखी बोटात घुसतात. साधारण तीन ते पाच दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, बोटावर न भरणारी जखम होते आणि काखेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा या जंतूच्या अमेरिकेतल्या जहाल प्रकाराने शंभरातले पाच ते पंधरा रोगी दगावत. 1939 या एका वर्षात तिथे 2,291 रुग्णांची नोंद झाली. आता वर्षाला दोनशेच्या आसपास होते.

म्हणून खरी तपासणी ससा जिवंत असताना, बंदूक उचलायच्या आधी करायची. ससा पळतो कसा हे बघायचं. निरोगी ‘कॉटनटेल’, म्हणजे तिकडचा रानससा, माणसाची चाहूल लागताच वाकडातिकडा उधळतो. जवळ गेलं तरी बसून राहणारा, पाय ओढणारा, झोकांड्या खाणारा ससा सोपी शिकार वाटतो, आणि नेमका तोच नको. कुत्र्याने अलगद तोंडात धरून आणलेल्या सशाबद्दलही शंका घ्यायची. आपोआप मेलेल्या सशाला तर हातच लावायचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा सशाच्या अंगावर प्लेगच्या पिसवाही असू शकतात. नंतर सोलताना रबरी हातमोजे घालायचे, आणि काम संपेपर्यंत तोंडाला-डोळ्याला हात लावायचा नाही.

आता काळजाकडे येऊ, कारण सगळे पांढरे डाग सारखे नसतात. ट्युलरेमियाचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आणि काळीजभर विखुरलेले असतात. जंतूंनी जिथे जिथे पेशी मारल्या, तिथे तिथे एकेक. सोबत तिल्ली, म्हणजे प्लीहा, फुगून काळपट झालेली असते. डाग मोठे, पिवळट, पित्ताच्या नळ्यांच्या वाटेने ओळीत उठलेल्या गाठींसारखे असले तर तो बहुधा ‘कॉक्सिडिया’ या परजीवीचा प्रताप. आपल्याकडच्या ससेपालनवाल्यांना हा चांगला ओळखीचा आहे. माणसाला तो होत नाही. पण सोलणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी प्रत्येक वेळी हा फरक करता येईलच असं नाही, आणि ससा टाकून दिल्याने कुणाचं काही जात नाही.

तिसरी गोष्ट बघून नवखा माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. आतड्याच्या पडद्याला भिजवलेला साबुदाणा चिकटल्यासारखे पारदर्शक, पाण्याने भरलेले बुडबुडे दिसतात, आणि प्रत्येकात एक पांढरा कण. ही एका पट्टकृमीची पिल्लं. हा कृमी मोठा होतो तो कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या पोटात, माणसाच्या नाही. बुडबुडे काढून टाकले की मांस खाता येतं. मात्र ही आतडी कौतुकाने कुत्र्यापुढे टाकली की कृमीचं चक्र पुरं झालंच.

कातडीखालीही पाहुणे सापडतात. उन्हाळ्याच्या शेवटी मानेवर गाठ आणि गाठीला श्वास घ्यायला भोक असेल तर आत माशीची जाडजूड अळी असते. दृश्य ओकारी आणणारं, पण सशाचं मांस त्याने विषारी होत नाही. डोक्यावर काळी शिंगं उगवलेले ससेही असतात. शिंगं कसली, ते विषाणूमुळे आलेले चामखीळ. 1933 मध्ये रिचर्ड शोप यांनी तो विषाणू शोधला, आणि विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो का या प्रश्नाला त्याने बळ दिलं.

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात डोळे सुजून बंद झालेला, आंधळा, भांबावलेला ससा दिसला तर तो मिक्झोमॅटोसिस. सशांची संख्या आटोक्यात आणायला ऑस्ट्रेलियाने 1950 मध्ये हा विषाणू मुद्दाम सोडला. नेमकी त्याच सुमारास तिथे माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि बोट या विषाणूकडे गेलं. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्ल्यूनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही. 2020 पासून अमेरिकेच्या नैऋत्य भागात रानसशांचा आणखी एक रक्तस्रावी रोग पसरला. त्यात ससे पटापट मरून पडतात, कधी नाकाला रक्ताचा थेंब दिसतो. हाही माणसाला होत नाही. पण रानात पडलेला ससा नेमका कशाने मेला हे बाहेरून कोण सांगणार?

शिकाऱ्यांमध्ये आणखी एक समज पक्का आहे: पहिलं कडक दहिवर पडल्याशिवाय ससा मारायचा नाही. थंडीने गोचिडी आणि माश्या कमी होतात, त्या पसरवत असलेला संसर्गही कमी होतो, आजारी ससे आधीच मरून गेलेले असतात. तर्क ठीक आहे. पण अमेरिकेच्या पूर्व भागात एकेकाळी या तापाचे रुग्ण वाढत ते ऐन हिवाळ्यात, कारण तोच शिकारीचा हंगाम. दहिवराने गोचीड थांबते, सुरी थांबत नाही.

फ्रीजवरही भिस्त ठेवू नये. गोठवलेल्या सशाच्या मांसात हा जंतू तीन वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिलेला आढळला आहे. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोचलं की खेळ संपला. आपल्या कुकरच्या दोन शिट्ट्या त्याच्या कितीतरी पुढे जातात. धोका आहे तो कच्चं मांस ज्या पाटावर कापलं त्याच पाटावर कोशिंबीर चिरण्यात.

यातलं काही आपल्या गावच्या रानात करून बघायचा प्रश्नच येत नाही. भारतात रानससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आपला रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. रानातल्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात, पिंजऱ्यातल्याची बिनकेसाची आणि डोळे मिटलेली. मराठीने दोघांना एकाच शब्दात बसवलं.

पण ओहायो किंवा मिसूरीत घर घेतलेल्या मराठी माणसाने बंदूक कधी हातात धरली नसली तरी त्याच्या हिरवळीवर कॉटनटेल रोज संध्याकाळी चरायला येतो. मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर 2000 सालच्या उन्हाळ्यात पंधरा जणांना ट्युलरेमिया झाला, त्यातल्या अकरा जणांना थेट फुप्फुसाचा, आणि एकाचा मृत्यू झाला. तपासात संबंध निघाला तो गवत आणि झुडपं कापण्याशी. यंत्राच्या पात्याने उडवलेली धूळ श्वासात गेली होती. तेव्हा यंत्र फिरवण्याआधी हिरवळीवरून एक चक्कर मारावी, मेलेला ससा दिसलाच तर फावड्याने उचलावा.

आणि सशाशी किंवा गवताशी अशी गाठ पडल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, काखेत अवधाण आलं, तर डॉक्टरांना ‘व्हायरल असेल’ म्हणू देण्याआधी ते सांगावं. पेनिसिलिनच्या घराण्यातली नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत. जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी वेगळी लागतात. शिवाय डॉक्टरांनाही रक्ताच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेला आधी फोन करावा लागतो, म्हणजे जंतू वाढवायची बशी तिथला माणूस उघड्यावर नाकाजवळ नेणार नाही.