वॉश की फिल्टर? बाटलीतलं पाणी सारखंच दिसतं

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाचं १/३२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, मॉडेल जोडून झालं की पहिली अडचण जागेची येते. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३१.०९ मीटर, म्हणजे मॉडेल ९७ सेंटीमीटरचं. बी-१७ हे अमेरिकी बॉम्बर तर आणखी दीड सेंटीमीटरने मोठं. दुसरी अडचण रंग वाळल्यावर कळते. एवढ्या मोठ्या पंखावर सगळीकडे एकसारखा हिरवा आणि तपकिरी रंग बसला की दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर खेळण्यातलं वाटायला लागतं. मग एक जण सांगतो ‘वॉश मार’, दुसरा सांगतो ‘फिल्टर दे’, आणि दोन्ही बाटल्या उघडून पाहाव्यात तर आत तेच मळकं पाणी.

रंग थोडा आणि थिनर भरपूर, इथवर दोघांचं जमतं. पण वॉशने खाचेत उतरायचं असतं आणि बाकीच्या जागेवरून निघून जायचं असतं. फिल्टरने कुठेही न साचता सगळीकडे पातळ पसरायचं असतं. वॉशने पॅनेलच्या, म्हणजे पत्र्याच्या तुकड्यांमधल्या, रेषा, रिव्हेट, बिजागऱ्या उठून दिसतात. फिल्टरने खालच्या रंगाची छटा जराशी सरकते, हिरवा किंचित पिवळसर होतो, काळा किंचित राखाडी.

वॉशला चकचकीत पृष्ठभाग लागतो. रंगावर ग्लॉस वॉर्निश मारून पूर्ण वाळू द्यायचं. मग बारीक ब्रशचं टोक वॉशमध्ये बुडवून पॅनेलच्या रेषेवर फक्त टेकवायचं, ओढायचं नाही. थेंब रेषेत शिरतो आणि आपणहून दोन-तीन सेंटीमीटर धावत जातो, दिव्याची वात तेल ओढते तसा. कितीही मॉडेलं केली असली तरी हा क्षण बघायला मला अजून मजा येते. वीसेक मिनिटांनी थिनरने जेमतेम ओलावलेल्या इअरबडने बाहेर आलेला रंग पुसायचा, आणि पुसताना हात पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे न्यायचा. उड्डाणात हवा त्याच दिशेने वाहते, त्यामुळे थोडा रंग मागे राहिला तरी तो खरा ओघळ वाटतो.

फिल्टरची तऱ्हा उलटी. तो मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, किंवा अर्धमॅट पृष्ठभागावर द्यायचा. एक भाग रंगाला दहा ते वीस भाग थिनर. चपटा, रुंद ब्रश बुडवून आधी टिश्यूवर टिपायचा, इतका की ब्रश ओला आहे की कोरडा अशी शंका यावी. एका वेळी एकच पॅनेल घ्यायचं आणि कुठे थेंब साचलेला दिसला तर लगेच उचलायचा. पहिल्या हातानंतर काही झालंच नाही असं वाटतं. वाळू द्या, दुसरा हात द्या, मग शेजारच्या न दिलेल्या पॅनेलशी ताडून पाहा.

दोन्ही कामांना मी इनॅमल किंवा ऑइल पेंट वापरतो. खाली ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळलेला असला की या रंगांचा थिनर, व्हाइट स्पिरिट, त्याला धक्का लावत नाही.

बाटलीवरचं नाव किती फसवं असतं ते मला एका बी-१७ ने शिकवलं. ग्लॉसचा थर द्यायचा कंटाळा केला आणि थेट ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या मॅट रंगावर गडद वॉश सोडला. तो रेषेतून धावलाच नाही, टीपकागदावर शाई फुटावी तसा दोन्ही बाजूंना पसरला. पुसायला गेलो तर अख्ख्या डाव्या पंखावर मळकट चट्टे. बाटलीवर वॉश लिहिलेलं होतं, पण मॅट पृष्ठभागाने त्याचा फिल्टर करून टाकला, तोही वाईट फिल्टर. शेवटी व्हाइट स्पिरिट घेऊन तोच रंग पंखभर पातळ पसरवला, उजव्या पंखालाही तेच केलं आणि वेळ मारून नेली.

मोठ्या स्केलमध्ये आणखी एक हिशोब करावा लागतो. किटवरची पॅनेलची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानावर ती ६.४ मिलिमीटरची फट होते. इतक्या फटी ठेवून कुणी विमान उडवत नाही. पत्रे एकमेकांना भिडलेलेच असतात. म्हणून सगळ्या रेषांत काळा वॉश भरला की पंखाची फरशी होते. माझ्या मते गडद वॉश फक्त खरोखर हलणाऱ्या भागांच्या सांध्यांत भरावा: एलेरॉन, फ्लॅप, रडर, बॉम्ब-बेचे दरवाजे. बाकी रेषांना मूळ रंगाहून एखादी छटाच गडद वॉश पुरतो. बारक्या १/७२ वर जे काम वॉश एकट्याने करतो, त्यातलं बरंच १/३२ वर फिल्टरकडे द्यावं लागतं.

बी-१७ चे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन कापडाने मढवलेले होते. कापडावरचा रंग पत्र्यावरच्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने विटतो. तेवढ्याच भागांवर फिकट फिल्टरचे दोन हात दिले की रेषेची मदत न घेता कापड आणि पत्रा वेगळे दिसतात. इथे वॉश काहीच करू शकत नाही.

लँकेस्टरचं पोट मात्र दोघांनाही पेचात टाकतं. रात्रीच्या मोहिमांसाठी ते काळं रंगवलेलं असे, आणि काळ्यावर काळा वॉश म्हणजे केलेली मेहनत कुणाला दिसायची नाही. तिथे वॉश मूळ रंगापेक्षा उजळ हवा, राखाडी किंवा धुळीचा तपकिरी. फिल्टरही निळसर राखाडी घ्या, आणि पॅनेलागणिक त्याचं प्रमाण थोडं कमी-जास्त ठेवा.

इंजिनांच्या मागे पंखावर उमटणारे फिके राखाडी पट्टे यातल्या कशानेच जमत नाहीत. त्या वेळच्या पेट्रोलमधल्या शिशाचा तो साका. त्यासाठी हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रशच हातात घ्यावा लागतो.

क्रमाचं म्हणाल तर मी ग्लॉस, डिकल (चिकटवायची छापील चिन्हं), वॉश, मॅट आणि सगळ्यात शेवटी फिल्टर असा जातो. फिल्टर डिकलवरूनही फिरवायचा. नाहीतर विटलेल्या पंखावर आरएएफची (ब्रिटिश हवाई दलाची) लाल-निळी वर्तुळं आज सकाळी चिकटवल्यासारखी कोरी करकरीत दिसतात.