मिंग, मिन्ह, म्युंग, अकिरा

बास्केटबॉलपटू याओ मिंग, व्हिएतनामचे हो ची मिन्ह, दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक आणि जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. या चौघांच्या नावांत एकच चिनी अक्षर आहे: 明. ५ हा आकडा आपण ‘पाच’ वाचतो आणि तमिळ माणूस ‘ऐन्दु’, तसाच हा प्रकार. मिन्ह आणि म्युंग ही जुन्या चिनी उच्चाराचीच रूपं. अकिरा मात्र अस्सल जपानी शब्द, अक्षराचा अर्थ पाहून त्याला जोडलेला. अर्थ काय, तर उजेड, स्पष्ट, तल्लख. आपला ‘प्रकाश’च म्हणा ना!

लिहिताना डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. ‘दोन दिवे एकत्र, म्हणून लख्ख उजेड’ हा व्हॉट्सॲपी खुलासा इथेच थांबतो. गोड आहे, पण अर्धवट.

तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, शांग काळात, कौल लावायला बैलांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर मजकूर कोरत. त्यात सूर्य-चंद्राची जोडी सापडतेच, पण दुसरंही एक रूप सापडतं. त्यात चंद्राशेजारी आहे खिडकी! गोल चौकट, आत जाळीच्या रेघा. काळोख्या खोलीत चांदणं उतरलंय. मी तर याच रूपाच्या प्रेमात आहे. पुढे चिन साम्राज्याच्या मुद्रालिपीत, म्हणजे शिक्क्यांवर दिसणाऱ्या जुन्या वळणात, तेच प्रमाण ठरलं. इ.स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने रचलेल्या अक्षरकोशातही मुख्य नोंद खिडकीवाल्या रूपाची. सूर्यवालं रूप ‘प्राचीन लिपीतलं’ म्हणून त्याखाली. हान राजवटीतल्या शिलालेखांत तर डोळा आणि चंद्र अशीही जोडी दिसते. चौकटीत एक आडवी रेघ म्हणजे सूर्य, दोन रेघा म्हणजे डोळा. कुंचल्याने भरभर लिहिताना जाळीच्या रेघा अशा गळत गेल्या असाव्यात.

(ती खिडकी, 囧, २००८ च्या सुमारास चिनी इंटरनेटवर एकटीच परतली, पडलेल्या भुवयांचा ओशाळा चेहरा म्हणून.)

तिकडेही नावातल्या अक्षरांच्या रेघा मोजून भविष्य सांगणारे आहेत, आपल्याकडे स्पेलिंगमध्ये जादा ‘ए’ घुसवणाऱ्यांचे भाऊबंद. या अक्षराच्या रेघा आठ. सूर्याऐवजी खिडकी रेखाटली की अकरा. मग नशीब नेमकं कुठल्या रूपाला चिकटतं?

आणि हे अक्षर आपल्याला तितकंसं परकंही नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांनी ‘विद्या’साठी हेच ‘मिंग’ निवडलं, आणि ‘अविद्या’साठी ‘वू-मिंग’: जिथे उजेड नाही ते.